काटेवाले आणि त्यांची छटाक

काटेवाल्यांच्या घरात शिरणाऱ्याला पहिली गोष्ट चुकवावी लागते, ती म्हणजे वजनकाटा. दार उघडलं की अगदी पायात. गोदामात पोती मोजायला असतो तसला, पोलादी पाटाचा, उभ्या दांड्यावर लाल आकडे दाखवणारा. बेसावध पाहुण्याचा पाय त्यावर पडतो आणि घरातून "या, बसा" ऐकू यायच्या आत बिचाऱ्याची अब्रू आकड्यांत झळकते. तिसऱ्या मजल्यावरच्या निम्म्या बायकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलंय ते याच कारणाने. उरलेल्या निम्म्या भिंतीला चिकटून, पोट आत ओढून, एक ढांग टाकून आत जातात, आणि मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारतात, "काय भाऊजी, बरे आहात ना?"

काटेवाले बरेच असतात. पन्नाशी उलटलेली, तब्येत ठणठणीत, डोक्यावर अजून कंगव्याला काम. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. म्हणजे पडायला निघाले होते एकदा, पण ती हकीकत त्यांची थोरली बहीण सांगते तेव्हा एक असते आणि ते स्वतः सांगतात तेव्हा दुसरीच असते, म्हणून ती सोडून देऊ. वजनकाटे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते फिरतीवर. आज या गावातली पिठाची गिरणी, उद्या त्या गावातलं इस्पितळ, परवा सोनाराचं दुकान. लाकडी पेटीत मखमलीच्या खोबणींतून पितळेची वजनं बसवलेली. ती चिमट्याने उचलायची, बोट लावायचं नाही, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. पाच किलोचं लोखंडी वजन मात्र वेगळ्या पिशवीत, आणि ते वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा कायम जरासा खाली.

काटे तपासता तपासता त्यांचं एक पालुपद तयार झालं होतं. डोळे फसवतात, हात फसवतात, काटा फसवत नाही. भाजीवाल्याने जुडी हातावर तोलून "चांगली भरते हो" म्हटलं की काटेवाल्यांचा चेहरा दुखऱ्या दाढेसारखा व्हायचा. बाळ बघायला गेले तर बाकीचे लोक "नाक आईचं" वगैरे म्हणायचे आणि हे विचारायचे, "जन्मतः किती होतं?"

अशा माणसाच्या घरात मांजर आलं तेही काट्यातूनच आलं.

एका धान्याच्या गोदामात तक्रार होती की रिकामा काटा शून्यावर येत नाही. पाट झाडला, पुसला, तारा तपासल्या, तरी आकडा चिकटलेलाच. आणि मधूनच हलायचा. गोदामवाला म्हणाला, "भूत आहे साहेब." काटेवाल्यांनी चार स्क्रू काढून पाट उचलला. खाली तारांच्या गुंतवळ्यात राखाडी रंगाचं एक मांजराचं पिल्लू बसलेलं, आणि ते त्यांच्याकडे असं बघत होतं की जणू घरात न विचारता घुसले ते हेच. त्यांनी त्याला बाहेर काढलं, काटा शून्यावर आला, काम संपलं. पिल्लू पेटीवर ठेवून ते पाट परत बसवत होते तेवढ्यात पिल्लू पेटीत उतरलं आणि मखमलीवर झोपलं. पितळेच्या वजनांना बोट लावू न देणारा माणूस, तो पिल्लाचे पाय वजनांवर पडलेले बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अहो, छटाकभर जीव हा."

तिचं नाव छटाकच पडलं.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. काटेवाल्यांची फिरती असायची, पण बेताची. एखादी रात्र बाहेर, दुसऱ्या दिवशी परत. तेवढ्यापुरतं समोरच्या वहिनी बघायच्या. समोरच्या वहिनी म्हणजे समोरच्याच दारातल्या. शिवणकाम करतात, मशीन दाराशी ठेवतात, आणि जिन्यावरून कोण कुठे कुणाबरोबर किती हसत गेलं हे सुईतून नजर न काढता सांगू शकतात. काटेवाल्यांची किल्ली त्यांच्याकडे. छटाकही त्यांच्याकडे जायची, कापडाच्या चिंध्यांवर लोळायची, संध्याकाळी घरी यायची. दीड वर्षात छटाकची चांगली साडेचार किलोची मांजर झाली.

ते साडेचार किलो कसे काढायचे, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

छटाक काही एकटी काट्यावर बसायची नाही. तिला बालपणापासून काट्याचा राग असावा, आणि तो रास्तही होता. म्हणून काटेवाले तिला छातीशी धरून स्वतः काट्यावर उभे राहायचे, आकडा वाचायचे आणि त्यातून सत्तर वजा करायचे. सत्तर म्हणजे ते स्वतः. काटा घरी आणला त्या दिवशी त्यांचं वजन सत्तर भरलं होतं. पुढच्या वर्षीही सत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही. कंपनीत तर चेष्टाच होती की प्रमाण वजनं कमी पडली तर काटेवाल्यांना पाटावर उभं करा, शिक्का मारलेला माणूस आहे. ही चेष्टा काटेवाल्यांना मनातून फार आवडायची. जगातला प्रत्येक काटा दर वर्षी तपासलाच पाहिजे असं गावोगाव दुकानदारांना बजावत फिरणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःवर मात्र कधीकाळी एकदा शिक्का मारला आणि ते मोकळे झाले.

मग कंपनीतला दुसरा फिरता माणूस निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं यावर साहेबांनी पुष्कळ विचार केला आणि कुणालाच घेतलं नाही. दोघांचा मुलूख एकट्या काटेवाल्यांच्या गळ्यात आला. आता ते सोमवारी जायचे ते शुक्रवारी उगवायचे, कधी त्याच्याही पुढच्या शुक्रवारी.

पहिल्या लांबच्या फिरतीवरून आले, छटाकला उचललं, काट्यावर चढले. सत्तर वजा केले. पाव किलो कमी.

असेल, उन्हाळा आहे, म्हणून सोडून दिलं. पुढच्या खेपेला आणखी पाव. त्याच्या पुढे अर्धा. शेवटी एका शनिवारी सकाळी ते समोरच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वहिनी, छटाक खाते ना नीट?"

"खाते म्हणजे?" वहिनींनी मशीन थांबवलं. "परवा माझ्या ताटातला मासा नेला तिने. मी नुसती पाणी घ्यायला वळले होते हो. परत बघते तर ताटात काटे."

"नाही, म्हणजे... वजन उतरलंय."

"कुणाचं?"

"छटाकचं."

वहिनींनी खाली बघितलं. छटाक दारात आडवी पसरली होती. तिला ओलांडायचं तर काटेवाल्यांना चप्पल हातात घ्यावी लागली असती.

"हिचं?"

"केसाळ आहे म्हणून तशी दिसते. आत काही नाही."

"भाऊजी, हिला उचलताना माझी कंबर धरते!"

"काटा खोटं नाही बोलत वहिनी," काटेवाले खालच्या आवाजात म्हणाले. तो आवाज ते दुकानदारांना वाईट बातमी देताना वापरायचे.

खरं सांगायचं तर छटाक त्यांच्याही हातांना जड लागायची. पण हातांवर विश्वास ठेवायचा असता तर माणूस काटेवाला कशाला झाला असता?

पुढच्या फिरतीला जाताना त्यांनी वहिनींच्या हातात डब्यांची चळत ठेवली. प्रत्येक डब्यात छटाकचं खाणं, ग्रॅमपर्यंत मोजलेलं. झाकणांवर चिकटपट्ट्या. सकाळ. संध्याकाळ. सकाळ. संध्याकाळ. बोलले काहीच नाहीत. पण न बोलता जे बोलायचं ते बोलून गेले.

वहिनी ते डबे घेऊन आत आल्या त्या फणफणतच. "बघितलंत? मोजून दिलंय! म्हणजे मी काय मांजराच्या तोंडचा घास काढून खाते?"

वहिनींच्या यजमानांनी पेपर खाली न घेता नाक जरा पुढे केलं. "खाऊन बघ की एखादा. वास बरा येतोय."

त्या दिवशी यजमानांना चहा मिळाला नाही.

पण वहिनींचं मन काही दगडाचं नाही. काटा म्हणतोय म्हणजे असेल बाई काहीतरी, मुका जीव, सांगणार कुणाला, असं म्हणून त्यांनी मोजलेल्या डब्यावर वरून थोडं दूध सुरू केलं. मग उकडलेलं अंडं. मग मासा शिजला की पहिला तुकडा तिचा. यातलं काटेवाल्यांना त्या एक अक्षर सांगायच्या नाहीत, कारण मोजलेल्या डब्यात ढवळाढवळ केली असं कळलं तर हा माणूस आणखी काय मोजून देईल याचा नेम नव्हता. छटाकला तर सांगायचं काही कारणच नव्हतं.

इकडे काटेवाल्यांची फिरती कशी चालली होती ते बघा. पूर्वी बाहेरगावी गेले की या माणसाची चैन असायची. कुठल्या गावात कुठली खानावळ, कुठे गरम भाकरी, कुठे रस्सा, सगळं तोंडपाठ. आता दुपारचं जेवण चुकवून काम उरकायचं, म्हणजे लवकरची बस मिळते, म्हणजे एक दिवस आधी घर. सकाळी चहावर निघायचं. संध्याकाळी लॉजवर ताट मागवायचं, आणि पहिला घास घ्यायच्या आत वहिनींना फोन.

"दाखवा ना जरा."

वहिनी फोन छटाकसमोर धरायच्या. छटाक फोनकडे पाठ करून बसायची.

"बघा, रुसलीये," काटेवाले म्हणायचे. "माझा आवाज ऐकून तोंड फिरवलं. छटाक! ए छटाक! मी शुक्रवारी येतोय गं."

छटाकची शेपटी एकदा डावीकडे जायची, एकदा उजवीकडे.

"उत्तर देतेय," काटेवाले म्हणायचे, आणि त्यांच्या घशात काहीतरी अडकायचं. घास नव्हे. घास ताटातच असायचा. फोन संपेपर्यंत ताट गार व्हायचं, वाढपी येऊन विचारायचा, "नेऊ का?" आणि ते म्हणायचे, "ने."

याच सुमारास त्यांच्या कमरेचा पट्टा सैल पडला. चांभाराकडे जाऊन त्यांनी आणखी दोन भोकं पाडून घेतली आणि त्याला ऐकवलंही, की हल्ली पूर्वीसारखं चामडं येत नाही, ताणतं. मग विजार ढगळ झाली, त्याचा ठपका धोब्यावर. मग शर्टाची कॉलर मोठी वाटायला लागली, तेव्हा कापडालाच नावं ठेवली. गाल बसल्यासारखे दिसले ते लॉजच्या आरशात, आणि लॉजचे आरसे काय, स्वस्तातले. एवढ्या सगळ्या वस्तू एकदम बिघडल्या, पण शिक्का मारलेल्या माणसावर संशय घेण्याचं कुणाला सुचलं नाही, त्याला स्वतःला तर नाहीच.

घरचा काटा त्यांनी उघडून तपासला. पितळेची वजनं ठेवली, लोखंडी ठेवलं, पाटाच्या चारही कोपऱ्यांवर फिरवून ठेवलं. काटा सोन्यासारखा. म्हणजे प्रश्नच मिटला. मांजर झुरत होतं.

साहेबांकडे जाऊन त्यांनी टेबलाची जागा मागितली. साहेब चाट पडले. "तुम्ही? टेबलावर? आणि बाहेरचे काटे काय टेबलावर येऊन तपासून घेणार?"

मग उरली ताई. ताई म्हणजे थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, निवृत्त परिचारिका. धाकट्या भावाला पन्नाशीनंतरही बाळ्या म्हणणारी. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि निदान सांगितलं. "बाळ्या, ते तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसतं, म्हणून वाळतंय. इस्पितळात बघितलीत मी अशी माणसं. नातेवाईक येत नाहीत म्हणून खाणं सोडतात."

"मग काय करू?"

"तुझा स्वार्थ बघतोस की तिचा जीव?"

या प्रश्नाला उत्तर देता येत नाही म्हणूनच तो विचारतात.

ताईच्या ओळखीच्या एक शाळेतल्या बाई होत्या. एकट्या, दिवसभर घरी, मागे बाग, आधीचं मांजर म्हातारं होऊन गेलेलं. त्या आनंदाने सांभाळतील. येत्या रविवारी ताई टोपली घेऊन येईल आणि छटाकला नेईल. "आणि रडायचं नाही," ताई म्हणाली.

"रडतोय कोण!" काटेवाले म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ नाक पुसत बसले.

त्या आठवड्याच्या फिरतीत त्यांनी काय खाल्लं, हे न विचारलेलं बरं. शनिवारी परत आले. छटाकला उचललं, काट्यावर चढले. मनातून वाटत होतं, या खेपेला पाव किलो जरी वाढलेलं निघालं तरी ताईला फोन करून नाही म्हणून सांगू. आकडा वाचला. सत्तर वजा केले.

पावणेतीन.

ते तसेच काट्यावर उभे राहिले. छटाक त्यांच्या खांद्यावर नाक घासत होती, घुरघुर तर अशी करत होती की समोरच्या मशीनचा आवाज त्यात बुडावा. झुरणारं मांजर एवढं घुरघुरतं का, हा प्रश्न कुणालाही पडला असता. पण घुरघुर मोजायचा काटा अजून निघालेला नाही.

रविवारी सकाळी ताई आली. टोपली आणली होती वेताची, झाकणाची. वहिनी दारात उभ्याच होत्या, कारण ताई जिना चढताना टोपली कशाला हे त्यांनी विचारून घेतलं होतं, आणि ताईने भोळेपणाने सांगितलंही होतं.

"म्हणजे," वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या ताईंना, त्या बागवाल्या बाईंना, सगळ्या जगाला सांगून झालं, की माझ्या हातचं खाऊन मांजराची हाडं निघाली?"

"वहिनी, तसं नाही हो. ती माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे नाही आणि माझ्यामुळे नाही. द्यायची तर द्या, तुमची मांजर. पण आधी डॉक्टरला दाखवा. उद्या त्या बाई म्हणतील, आजारी मांजर गळ्यात मारलं."

ताईला हे पटलं. परिचारिकेला डॉक्टर नेहमीच पटतो. छटाकला टोपलीत घालायचं ठरलं. पुढचं अंग गेलं, मागचं राहिलं. मागचं कोंबलं, तर पुढचं वर आलं. दोघांनी मिळून दाबलं तर झाकण लागेना.

"टोपली लहान आणलीस ताई," काटेवाले म्हणाले.

"यात आमच्या शेजारच्यांचा कुत्रा जातो!"

वहिनी नुसत्या भिंतीकडे बघून हसल्या, भिंतीला सगळं कळत असल्यासारखं. शेवटी काटेवाल्यांनी छटाकला चादरीत गुंडाळून उचललं, आणि सवयीने दुसऱ्या हातात वजनांची पेटी घेतली. लोखंडी वजनाची पिशवी तर खांद्यावर होतीच.

जनावरांचा दवाखाना पुढच्या चौकात, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी. फिनेलचा वास, बाकावर पायाला पट्टी बांधलेला एक कुत्रा, त्याच्या शेजारी त्याच्याहून घाबरलेला मालक. डॉक्टरीण तरुण, बाह्या वर सारलेल्या, बोलणं भराभर. तिने चादर सोडली. छटाक बाहेर आली, आळस दिला आणि टेबलावर मावेल तेवढी पसरली.

"काय त्रास आहे?"

"वाळत चाललीये," काटेवाले म्हणाले.

डॉक्टरणीने छटाककडे बघितलं. मग ताईकडे, मग वहिनींकडे. कुणीतरी हसेल आणि चेष्टा होती म्हणेल अशी वाट बघितली. कुणी हसेना. तेव्हा तिने छटाकच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, "हं" करून उचललं आणि खाली ठेवलेल्या मोठ्या काट्यावर आणून सोडलं. कुत्र्यांसाठीचा काटा तो, चांगला ऐसपैस. छटाक उतरायला निघाली तर वहिनींनी पर्समधून सुक्या माशाचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. काटेवाल्यांनी तो तुकडा बघितला. वहिनींनी बघितलं की त्यांनी बघितला. छटाक मात्र एकदम शहाण्यासारखी बसली.

"पावणेसहा," डॉक्टरीण म्हणाली. "काका, हिचं खाणं कमी करा. निम्मं करा. ही मांजर नाही, उशी झालीये."

"अशक्य," काटेवाले म्हणाले. "पावणेतीन आहे ती. कालच केलंय मी. तुमचा काटा चुकतोय."

"माझा काटा?"

"तपासणीचा शिक्का बघा. तारीख उलटून गेलीय." आत शिरल्या शिरल्या ते त्यांनी बघून ठेवलेलं होतं. नुसतं बोलले नव्हते.

"बाळ्या!" ताई दबक्या आवाजात ओरडली.

डॉक्टरीण मात्र हातावर हात बांधून उभी राहिली. "मग तपासा की. पेटी घेऊनच आलात, कुत्र्याला सुई द्यायला मला वेळ लागेलच."

तिला वाटलं असेल की काका ओशाळतील. काका गुडघ्यांवर बसले. पेटी उघडली, चिमटा काढला, मखमलीतून पितळेचं एकेक वजन उचलून पाटावर ठेवलं, मधोमध, मग कडेला. मग लोखंडी वजन काढून चारही कोपऱ्यांवर फिरवलं. बाकावरचा कुत्रा सुई विसरून बघत राहिला. काटेवाल्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

"आभारी आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"पण माझाही बरोबर आहे हो! मी उघडून तपासलाय. दोन्ही काटे खरे, मग तीन किलो मांजर आलं कुठून?"

"घरी कसं करता वजन? बसते ही?"

"छे, ती कुठली बसते. मी उचलून घेतो. दोघांचं मिळून येतं, त्यातून मी माझे वजा करतो. काल पावणेत्र्याहत्तर आलं. त्यातून सत्तर गेले की..."

ते थांबले.

पेटीचं झाकण अर्धवट धरलेला हात तसाच राहिला. गिरणीवाले, सोनार, गोदामवाले यांच्या चेहऱ्यावर जे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, ते आता त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"भाऊजी," वहिनी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ते सत्तर कधी तपासले होते?"

काटेवाले उठले. चपला काढल्या, पट्ट्याची नवी भोकं शर्टाने झाकली आणि कुत्र्यांच्या काट्यावर उभे राहिले. चौघांनी आकडा वाचला. बाकावरच्या मालकानेही मान लांब करून वाचला.

सदुसष्ट.

"अगं बाई," ताई म्हणाली. परिचारिकेची नजर आता कुठे ताळ्यावर आली. तिने भावाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, मनगट दाबून बघितलं. "मेल्या, गाल बघ तुझे! वाळलायस तू! आणि इतके दिवस मांजराचं सांगतोयस?"

"लॉजचं जेवण..." काटेवाले पुटपुटले.

"लॉजचं जेवण काय? फोनवर तासभर छटाक छटाक करता, समोर ताट गार होत असतं, ते मला दिसत नव्हतं का?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं फोननंतर जेवत असाल. म्हणजे झुरत होतात तुम्ही, आणि वाळत होती म्हणे ही!"

डॉक्टरीण तोंड वळवून औषधांचं कपाट उगाच उघडून बघत होती. तिचे खांदे हलत होते.

काटेवाले खाली उतरले. छटाक माशाचा तुकडा संपवून वहिनींच्या पर्सकडे तपासनीसाच्या नजरेने बघत होती. इतके महिने डोळ्यांपुढे एक चित्र घेऊन ते बसमध्ये बसले होते. रिकाम्या घरात, खिडकीशी, त्यांच्या वाटेकडे बघत बसलेलं, हाडकलेलं मांजर. ते मांजर कुठेच नव्हतं. नव्हतंच कधी. छातीवरून लोखंडी वजन उचलल्यासारखं त्यांना झालं, आणि ते इतकं अचानक की ते चक्क कुत्र्याच्या शेजारी बाकावर बसले. मग थोड्या वेळाने त्यांना दुसरंच काहीतरी टोचलं.

"म्हणजे मी नसतो तेव्हा," त्यांनी डॉक्टरणीला विचारलं, "हिला काहीच वाटत नाही?"

"वाटत असेल की काका," ती म्हणाली. "पण जेवण झाल्यावर."

यावर पहिले हसले ते काटेवालेच. मग हसणं आवरेना. ताई हसता हसता डोळे पुसायला लागली आणि कुत्र्याचा मालकही, काय चाललंय ते न कळता, सगळ्यांत मिळून हसला. तेवढ्यात कुत्र्याला सुई देऊन झालीसुद्धा.

टोपली रिकामी परत गेली. बागवाल्या बाईंना ताईने फोन करून सांगितलं की मांजर धडधाकट आहे, भाऊ आजारी आहे, आणि तो द्यायचा नाहीये. वहिनींपुढे काटेवाले दारात उभे राहिले, बऱ्याच वेळा घसा साफ केला आणि म्हणाले, "वहिनी, ते डबे..."

"डब्यांचं मी बघते," वहिनी म्हणाल्या.

आणि बघितलंच. सोमवारी पहाटे काटेवाले पेटी घेऊन निघाले तेव्हा समोरचं दार उघडलं आणि त्यांच्या हातात डब्यांची चळत आली. त्यांचेच डबे, घासूनपुसून. लाडवासारखं काही, भाकरी, टिकाऊ भाजी, उकडलेली अंडी. झाकणांवर त्यांच्याच चिकटपट्ट्या, त्यांच्याच अक्षरात. सकाळ. संध्याकाळ. सकाळ. संध्याकाळ.

"मोजलेलं नाही हं," वहिनी म्हणाल्या. "अंदाजाने भरलंय. आणि डबा रिकामा दाखवल्याशिवाय फोनवर मांजर दिसणार नाही."

तेव्हापासून लॉजवरचा फोन असा असतो. आधी काटेवाले रिकामा डबा फोनपुढे धरतात, तो तिरका करून दाखवतात. मग वहिनी फोन वळवतात, आणि छटाक पाठ करून बसते. यजमान पेपरामागून विचारतात, "आज काय होतं डब्यात?" कारण त्यांच्या ताटात ते असतंच असं नाही. फिरती कमी झाली नाही. साहेबांना अजून दुसरा माणूस सुचलेला नाही. पण काटेवाले आता दुपारचं जेवण सोडून बसमागे धावत नाहीत. घरी जे वाट बघतंय असं वाटायचं ते वाट बघत नाहीये, हे कळल्यावर माणूस जरा निवांत जेवतो.

परवाच्या शुक्रवारी ते आले तर वहिनी काट्याजवळ उभ्या.

"चढा."

ते चढले. आकडा स्थिर व्हायच्या आत छटाक आली आणि त्यांच्या पावलांवर बसली. लाल आकडे वर उडाले. वहिनींनी पायाने ढकललं, ती ढिम्म हलली नाही.

"आता यातून किती वजा करू?" वहिनी म्हणाल्या. "हिचं किती, तुमचं किती, काय कळणार?"

काटेवाल्यांनी खाली मांजराकडे बघितलं. नुसतं डोळ्यांनी. "जरा उतरलीये," ते म्हणाले. "मान दिसायला लागली."

"आणि तुम्ही?"

"मला माझं कसं दिसणार? तुम्ही सांगा."

वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शिंपिणीच्या नजरेने, खांदे, छाती, कंबर. नवीन भोकं रिकामी होती आणि पट्टा परत जुन्या भोकावर आला होता.

"भरलात," त्या म्हणाल्या. "अंगाला लागलंय."

"मग झालं तर," काटेवाले म्हणाले आणि पायांवरचं मांजर अलगद सोडवून, चहा टाकायला आत गेले. वहिनीही मागोमाग गेल्या, भिंतीला न चिकटता. छटाक तिथेच बसून राहिली. काट्यावर, एकटी, आपणहून, आयुष्यात पहिल्यांदा. लाल आकडे तिचं खरं वजन बराच वेळ दाखवत होते, पण ते बघायला कुणीच परत आलं नाही.